घेतलं म्हटल्याशिवाय सोडायचं नाही

नाना, तुम्ही गेल्याला बरीच वर्षं झाली आणि आपलं मैदान अजून आहे तिथंच आहे. पलीकडच्या अंगाला शाळेच्या नवीन खोल्या उठल्या, त्यामुळे एक कोपरा गेला, पण दोन्ही गोल जागेवर आहेत. मी रोज सकाळी केळीच्या बागेत जाताना तिकडून सायकल घालतो. काम काही नसतं. सवय आहे. परवा स्टँडजवळच्या हॉटेलात चहा प्यायला थांबलो, तर टीव्हीवर फुटबॉल चालू होता, कुठल्या तरी थंड देशातला. सुटाबुटातला एक माणूस सांगत होता की हल्लीच्या खेळात हल्ला हा बचावापासून सुरू होतो, मागचा गडी हाच पहिला फॉरवर्ड. जणू काही नवीनच शोध लागला होता. मला चहात ठसका लागला. हॉटेलवाल्याने विचारलं, काय झालं काका? मी म्हटलं, काही नाही, हे आमच्या मास्तरांनी बट्टीवर शिकवलं होतं. त्याला वाटलं, ऊन लागलं म्हाताऱ्याला. म्हणून घरी येऊन बसलो लिहायला. तुमच्याशिवाय हे कोणाला सांगू?

मी काही फार शिकलो नाही हे तुम्हाला माहीत आहे. माझी गाडी दहावीच्या रुळावरच घसरली, आणि पुढं जे काही वाचलं ते सगळं रद्दीच्या दुकानातून आणलेलं. त्यामुळे पत्र थोडं वाकडंतिकडं जाईल. तुम्ही कवायतीचे मास्तर, सरळ रांगेची तुम्हाला भारी हौस. तेवढं आज चालवून घ्या.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती ती. शाळा सुटून आम्हाला वर्षं झाली होती, मिशा फुटल्या होत्या, तरी संध्याकाळी तुमच्या शिट्टीला आम्ही यायचोच. दिवसभर कोणी केळी कापायचा, कोणी ट्रक भरायचा, एक जण सायकलच्या दुकानात पंक्चर काढायचा, आणि पाच वाजले की सगळे अनवाणी मैदानावर. अख्ख्या सावद्यात क्रिकेटचं वेड, आणि तुम्ही मात्र रेल्वे कॉलनीतल्या तुमच्या मामाकडे लहानपण काढल्यामुळे फुटबॉल घेऊन आलेले. लोक म्हणायचे, मास्तर पोरांना लाथा मारायला शिकवतो. तुम्ही म्हणायचे, लाथा त्यांना येतातच, मी त्या कुठं मारायच्या ते सांगतो.

वरणगावच्या मैदानावर दर हिवाळ्यात स्पर्धा भरायची. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा इतके गोल खाल्ले की शेवटी मोजायचं सोडून दिलं. तेव्हापासून आपल्या टीमने एक धडा घेतला, सगळ्यांनी मागं उभं राहायचं. दहाच्या दहा गडी आपल्या गोलसमोर, अंगणात म्हैस बांधावी तसे. चेंडू आला की डोळे मिटून जोरात टोलवायचा, जिकडे जाईल तिकडे. आणि पुढं उभा असायचो मी एकटा. सेंटर फॉरवर्ड. नाव मोठं आणि दिवसभर उन्हात उभं राहण्याचं काम. चेंडू यायचा तो आभाळातून यायचा, त्यांचे मागचे गडी, दोन दांडगे बॅक, माझ्या दोन्ही खांद्यांवर, मी उडी मारेपर्यंत चेंडू त्यांच्या डोक्याला लागून परत आपल्याकडे. मग पुन्हा टोला, पुन्हा परत. आपण शून्यावर सुटलो की लोकांना वाटायचं, वा, आज गोल खाल्ला नाही. पण शेवटी शेवटी पोरांच्या पायांत जीव उरायचा नाही आणि एक तरी जायचाच. तीन हिवाळ्यांत आपण एकही गोल मारला नव्हता. सबंध तालुक्यात आपलं नाव पडलं होतं, दार लावून बसणारे.

मला मात्र गोल मारायचा होता, नाना, आणि तो नुसत्या हौसेपायी नाही. आमची बाग थोडी, तिच्यावर थोरल्या भाऊंचा संसार, त्यांची पोरं. धाकट्याने काय करायचं हा प्रश्न रोज जेवणात मिठासारखा असायचा. त्या वर्षी असं कळलं की वरणगावच्या फॅक्टरीच्या टीमसाठी एक गडी घेणार आहेत, खेळाच्या नावावर नोकरी. त्यांचे साहेब स्पर्धा बघायला बसणार. अमळनेरहून मला एक स्थळ आलं होतं आणि मुलीच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं की मुलगा नोकरीला लागला तर आमची ना नाही. म्हणजे एका गोलाला माझी नोकरी, माझं लग्न आणि आईच्या जिवाचा घोर असं सगळं लटकलेलं होतं. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तुम्हालाही.

स्पर्धेला थोडे दिवस राहिले असताना तुम्ही आमच्या बागेत आलात. तुमच्या घरी काकूंनी सत्यनारायण घातला होता, चार खांब आणि पानं हवी होती. त्या दिवशी आमची कापणी चालू होती. आई बांधावर उभी राहून भाऊंना बोलत होती. पश्चिमेच्या बाजूने आम्ही शेवरी लावली होती, उन्हाळ्यातल्या झळांना आड म्हणून, सगळेच लावतात तशी. पण भाऊंनी ती छाटलीच नव्हती, वाढू दिली होती दाट भिंतीसारखी, आणि तिच्या लगतच्या ओळीतले घड मनगटाएवढेच राहिले होते. आई म्हणत होती, "शेवरी पोसू राह्यला का केळ? वारा अडला रे बाप्पा, पन पानी बी तिनंच पेलं." तुम्ही हातातलं पान खाली ठेवलं आणि आईकडे असे बघत राहिलात की तिला वाटलं, मास्तरांना राग आला. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

मग तुम्ही कापणी बघत बसलात. मला अजून दिसतं, बांधावर उकिडवे बसलेले तुम्ही, शिट्टी गळ्यात, रविवार असूनही. कापणारा खोडाला कोयता घालतो, घड हळूहळू वाकतो, त्याच्या खाली मी, खांद्यावर गोणपाटाची घडी. तो दांडा धरून विचारतो, "घेतलं?" मी वजन अंगावर पूर्ण आलं की म्हणतो, "घेतलं." मग तो सोडतो. मी चालत जातो, ट्रकजवळच्या गड्याच्या खांद्याला खांदा लावतो आणि विचारतो, "घेतलं?" तो म्हणतो, "घेतलं." मग मी सोडतो. आमच्याकडे पोरगं हे बोलायला शिकतं तेव्हाच शिकतं. कारण घेतलं म्हणायच्या आधी सोडला तर घड आपटतो, फळावर डाग पडतो, आणि व्यापारी डाग लांबून ओळखतो. एवढा पहाटेपासून जपलेला माल आम्ही हातातून हातात, खांद्यावरून खांद्यावर न्यायचो, तान्ह्या पोराला न्यावं तसा. तुम्ही उठलात, मातीने भरलेलं धोतर झटकलं आणि मला एवढंच म्हणालात, "अरे, आणि चेंडू मिळाला की फेकता?"

पुढच्या रविवारी तुमच्या स्वयंपाकघरात आम्ही सगळे वरण-बट्टीला. काकू गव्हाची भाजलेली बट्टी तुपात चुरून द्यायच्या, आणि तुम्ही आमच्या ताटांतल्या बट्ट्या उचलून परातीत मांडायला लागलात. परात म्हणजे मैदान, बट्टी म्हणजे गडी. सगळ्या बट्ट्या एका कडेला गर्दीने ठेवल्या आणि एक पार दुसऱ्या टोकाला. मग वाटीने वरण घेतलं आणि त्या गर्दीवर ओतलं. वरण तिथंच मुरलं. तुम्ही टोकाच्या बट्टीकडे बोट दाखवून म्हणालात, हा आपला सेंटर फॉरवर्ड, कोरडा. सगळे माझ्याकडे बघून हसले. मग तुम्ही बट्ट्या पुढे सरकवल्या, एकीजवळ एक, शेवटच्या टोकापर्यंत अशा की एकीला लागलेलं दुसरीपर्यंत जाईल. आणि समजावलंत की आपले मागचे लोक गोल वाचवतात, पण पुढच्याला उपाशी मारतात. टोलवलेला चेंडू म्हणजे दारात आलेल्या माणसाला शिव्या देऊन घालवणं, तो चार जण घेऊन परत येतो. चेंडू अडवला म्हणजे काम संपलं असं नाही, तिथून सुरू होतं. अडव, थांबव, आणि घेतलं म्हणेल त्याच्या पायात दे. त्याने पुढच्याला द्यावा. मागचे असे खेळले की पुढच्याला चेंडू मागायला मागं यावं लागत नाही, त्याचे पाय ताजे राहतात. आणि मागं भरवशाचं कोणी आहे हे माहीत असलं की पुढचा अंगावर घ्यायला भीत नाही. सायकल दुकानवाल्याचा पोरगा, जो डावीकडून खेळायचा, तो तोपर्यंत डावीकडचा हाफ, मधल्या फळीतली बट्टी, खाऊन मोकळा झाला होता. काकू म्हणाल्या, "खेळून झालं असंन तं खा आता, निवू राह्यलं." पण तुम्ही परातीतली शेवटच्या टोकाची, माझी बट्टी उचललीत आणि सगळ्यात मागं, गोलच्या पुढ्यात ठेवलीत.

मी ताट बाजूला सरकवलं. तुम्हीच बोललात. "मागं ये. घड कोणाच्या खांद्यावर जपून ठेवायचा हे तुला येतं, तसं यांच्यातल्या एकालाही येत नाही. तुला पुढं ठेवला तर तुला एखादा गोल मिळेल, टीमला नाही मिळणार. यात तुझं नुकसान आहे, मला माहीत आहे."

काकूंचा हात तुपाच्या वाटीवर थांबला. "माहीत हाये तं मंग कशाले सांगता त्याले?"

"न सांगता केलं तर फसवणं झालं," तुम्ही म्हणालात. "तू हवं तर नाही म्हण. मी पुन्हा विचारणार नाही."

नाना, नाही म्हणणं सोपं करून तुम्ही ते अवघड करून ठेवलंत. दटावून सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. मी होकाराची मान हलवली, ताटावरून उठलो आणि न जेवता गेलो. काकूंनी माझ्या बट्ट्या फडक्यात बांधून सायकल दुकानवाल्याच्या पोराच्या हाती घरी पाठवल्या. त्याने त्यातली एक वाटेत खाल्ली, हेही त्यानेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मागं उभा राहिलो, पण मनाने पुढंच होतो. पहिला चेंडू आला तसा सगळा राग पायात आणून असा टोलवला की तो कंपाउंडवरून पलीकडच्या बागेत गेला. तुम्ही शिट्टी वाजवली नाही. जवळ आलात आणि हळू आवाजात म्हणालात, "जा, घेऊन ये. पळत नको, चालत जा. टोलवलेला चेंडू केवढा लांब जातो ते पायाला कळू दे." मी गेलो. केळीच्या ओळींत चेंडू शोधताना रडू आलं, ते तिथंच पुसलं. परत आलो तर मैदानाच्या कडेला तुमचे जुने बूट ठेवलेले, चामडं भेगाळलेलं, पुढं थोडे उघडे. तुम्ही कॉलनीत खेळायचात तेव्हाचे. म्हणालात, बॅकला पाय घट्ट रोवावा लागतो, फॉरवर्ड अनवाणी चालतो. बूट मला एका बोटाने मोठे होते. मी पुढं कापूस कोंबला. आमच्याकडे कापसाला काय तोटा?

मग ते रोजचं झालं. चेंडू अडवायचा, थांबवायचा, डोकं वर करायचं आणि विचारायचं, घेतलं? समोरून आवाज यायचा, घेतलं. तेव्हा द्यायचा. पहिले काही दिवस फार फजिती झाली. मी विचारेपर्यंत दुसरा चेंडू घेऊन पळायचा. पण केळीवाल्यांच्या अंगात ते आधीपासूनच होतं, फक्त खांद्यावरून पायात उतरायचं बाकी होतं. आणि शेवरी छाटावी तसे तुम्ही आम्हाला गोलसमोरून हलवलंत. दोनच बॅक मागं ठेवले, तेही रेषेला चिकटून नाहीत, चांगले पुढं. मला आधी उघड्यावर झोपल्यासारखं वाटायचं. मग ध्यानात आलं की आपण पुढं सरकलो तसं आपल्या फॉरवर्डसाठी मैदानही लहान झालं आहे. पूर्वी चेंडू मिळाला की समोरच्या गोलपर्यंत अख्खं रान तुडवायचं असायचं. आता चेंडू अर्ध्या वाटेवरच हाती लागत होता.

वरणगावला आपली गाठ पडली ती रेल्वे कॉलनीच्या टीमशी, तुमच्याच जुन्या मैदानावरची पोरं. ऊन हिवाळ्याचं, मऊ. कडेला लिंबाखाली खुर्च्या, त्यातल्या एकीवर फॅक्टरीचे साहेब, पांढरी टोपी. मी त्या टोपीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि तिच्याशिवाय मला काही दिसत नव्हतं. खेळ सुरू झाला आणि आपण ओरडायला लागलो, घेतलं? घेतलं. घेतलं? घेतलं. बघणारे हसले. त्यांच्यातला एक जण ओरडला, ए, बाजार भरला का तुमचा? पण त्यांची पोरं आम्हा दोघा बॅकच्या मधे पळून पळून दमायला लागली. चेंडू आमच्याकडून जात नव्हता आणि त्यांच्याकडे आयता येत नव्हता, मग तो आणायला त्यांचे हाफ जागा सोडून पुढे यायला लागले. तुम्ही कडेला उभे, शिट्टी दातांत.

आता सगळं बोलतोय तर तेही बोलतो. दुसऱ्या अर्ध्यात त्यांच्या फॉरवर्डच्या पायातला चेंडू मी काढतो आणि डोकं वर करतो. समोर मोकळं आहे. त्यांचे हाफ मागं राहिलेत आणि माझ्यापुढं जमीन आहे, नुसती जमीन, बैलगाडी जाईल एवढी वाट. मी पळतो. लिंबाखालची पांढरी टोपी खुर्चीत पुढं झुकते, मला दिसतं ते. एवढ्यात त्यांचा एक बॅक माझ्यावर येतो, त्याला चुकवलं तर पुढं गोली एकटा. चुकवता आलं असतं का? रोज वाटतं आलं असतं. आणि डावीकडून सायकल दुकानवाल्याचा पोरगा धावतोय, त्याच्याजवळ कोणीच नाही, आणि मी काही विचारायच्या आधीच तो ओरडतो, "घेतलं!"

मी दिला.

बस, तेवढंच. त्याने दोन पावलं घेतली आणि मारला. तीन हिवाळ्यांनी आपला पहिला गोल. सगळे त्याच्या अंगावर पडले. तुम्ही मात्र कडेने चालत चालत माझ्याकडे आलात, माझ्या पायाकडे बघितलंत आणि म्हणालात, लेस सुटली आहे, बांध. आणि स्वतःच वाकून बांधलीत, नाना. भर मैदानात, सगळ्यांदेखत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या एका गोलावर आपण जिंकलो. पुढच्या फेरीत सपाटून हरलो, ते सोडा.

साहेबांनी बोलावलं ते त्या पोराला. सोमवारी तुम्ही मला सायकलवर मागं बसवून फॅक्टरीच्या गेटवर नेलंत. चिठ्ठी आत पाठवली, बाकावर बसलो. साहेब भले होते, चहा मागवला. तुम्ही टेबलावरच्या कपबश्या सरकवून तो गोल पुन्हा मांडलात, इथं अडवला, इथून निघाला, इथं त्यांच्या बॅकला ओढून घेतलं, तेव्हा तो डावीकडचा मोकळा झाला. म्हणालात, गोल मारला एकाने, पण केला कुठून ते बघा. आणि त्या पोराचं काढून घ्या असं मी म्हणत नाही, त्याचं त्याला मिळालंच पाहिजे. साहेब हसले नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमचं सगळं खरं आहे. पण जागा एक आहे, आणि कागदावर गोल कोणी मारला एवढंच लिहिलेलं असतं."

परत येताना वारा समोरून होता. अर्धी वाट तुम्ही सायकल मारलीत, मग मी. वरणगाव मागं पडल्यावर एका ठिकाणी थांबवून आपण गरम भजी घेतली आणि तुम्ही तुमच्यातली मिरची मला दिलीत, कारण मला आवडते. एवढ्या वर्षांत माझ्यासाठी कोणी वाद घातला तो तेवढाच, आणि तो हरला. पण हरून आलेल्या माणसाच्या मागं सायकलवर बसलो असताना मला पहिल्यांदा कळलं की आपल्याही मागं कोणी उभं असू शकतं.

अमळनेरचं स्थळ गेलं. तिचं भलं झालं असेल, माझंही झालं. आमची ही आली चोपड्याकडून, तिच्या वडिलांना नोकरीशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांनी माझे खांदे बघितले. मी ट्रक भरण्याची टोळी केली, मग थोडी बाग घेतली. शेवरी मी दर वर्षी वेळेवर छाटतो. आणि तो सायकल दुकानवाल्याचा पोरगा फॅक्टरीत लागला. पहिल्या दिवाळीला मिठाई घेऊन आला, तर तोंड उतरलेलं. मला वाटलं, काम जड असेल. तर म्हणाला, "तठी कोनी चेंडू देत नही रे भो. बठ्ठे फेकता." सबंध वर्षात त्याच्या पायातून एकच गोल झाला होता. बॅक चांगले, धिप्पाड, पण चेंडू मिळाला की सगळे आभाळात टोलवणारे. त्याने तिथं घेतलं म्हणून हाक दिली तर लोक त्याची टिंगल करायचे. त्याला मी तुमच्याकडे घेऊन आलो, आठवतं का? तुम्ही परात काढायला सांगितलीत. काकू म्हणाल्या, दिवाळीची बट्टी नही, करंज्या हायेत. मग करंज्यांवर त्याला समजावलंत की पुढच्याने मागं जाऊन आधी मागच्याशी ओळख करून घ्यावी, त्याच्याबरोबर चहा प्यावा, मग चेंडू येईल. तो गेला, त्यांच्याबरोबर चहा प्यायला, आणि चेंडू हळूहळू यायला लागला म्हणे.

तुम्ही आजारी पडलात ते नव्वदीच्या दशकात, रिटायर झाल्यावर. जळगावच्या दवाखान्यातून तुम्हाला घरी आणलं होतं. मी केळी घेऊन आलो, तुमच्या आवडीची, बारीक सालीची. तुम्ही खाल्ली नाहीत, एक केळं हातात धरून ठेवलंत. आणि एकदम विचारलंत, "राग गेला का रे?" मी म्हटलं, कधीचाच गेला, नाना. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, पोरगा गैरहजेरीचं कारण सांगतो तेव्हा बघायचात तसं. मग केळं माझ्याच हातात दिलंत आणि म्हणालात, खा.

राग तेव्हा गेला नव्हता. तुम्हाला ते कळलं होतं, हेही मला कळलं होतं.

तुम्हाला नेलं त्या सकाळी सगळी टीम होती. कोणी पोटाने सुटलेला, कोणाचे केस गेलेले. सायकल दुकानवाल्याचा पोरगा फॅक्टरीतून सुट्टी टाकून आला होता. तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा लोकांनी मला पुढं बोलावलं, तुमचा लाडका म्हणून. मी मागं गेलो. मुद्दाम असं काही ठरवलं नव्हतं, पाय आपोआप गेले. पुढं तो उभा राहिला. वाट लांब, नदीकडची, चढउताराची. दुसरी माणसं खांदा बदलायला आली. माझ्या शेजारी जो आला त्याच्या खांद्याला मी खांदा लावला, आणि तोंडातून आपसूक निघून गेलं, "घेतलं?" तो आपलाच हाफ होता, तुपात बट्टी चुरून खाणारा. वजन पुरतं खांद्यावर येईपर्यंत तो थांबला आणि बोलला, "घेतलं." मग मी सोडलं. पुढूनही तसाच आवाज आला, आणि मग वाटेभर येतच राहिला. गावातल्या बाकीच्या लोकांना वाटलं असेल, ही काय पद्धत. पण तुम्हाला कुठं धक्का लागला नाही, नाना. अलगद गेलात.

माझा राग त्या वाटेवर गेला. कोणत्या वळणावर ते सांगता येत नाही. हात मोकळे झाले आणि बघतो तर तो नव्हता.

आत्ता आमच्या हिने आतून विचारलं, कोनाले लिव्हू राह्यले इतकं? मी म्हटलं, मास्तरांना. तिने चहा टाकला. हे पत्र कुठं टाकणार? पोस्टाच्या पेटीला तुमचा पत्ता चालायचा नाही. घडी करून त्या बुटांत ठेवीन, कापूस होता तिथं. ते बूट अजून आहेत.

जाता जाता एक सांगतो, तुम्ही रागावणार नाही म्हणून. मी पुष्कळ पोरांना मागं उभं राहायला शिकवलं, त्याचा मोठेपणाही सांगत फिरलो, आणि त्यातलं सगळं मनापासून खरं आहे. पण स्वप्न पडतं ना नाना, तर त्यात मी अजून पुढंच खेळतो. अनवाणी. मागून कोणी तरी विचारतं, घेतलं? आवाज ओळखीचा असतो. मी हो म्हणतो, आणि मी स्वतःच मारतो.